पिग्मीचा राऊंड ते शंभर मीटर बॅकस्ट्रोक

पाय गेल्यावर सगळ्यात आधी माझा दिवस रिकामा झाला. हे आधीच सांगते, कारण हॉस्पिटलमध्ये, घरी, नातेवाइकांत सगळे पायाबद्दलच बोलायचे, कसा गेला, कुठपर्यंत गेला, नवीन कधी बसणार, आणि मी मात्र पडल्या पडल्या घड्याळ बघायचे की आत्ता साडेअकरा वाजले, म्हणजे आत्ता मी लक्ष्मीपुरीत असते.

मी कोल्हापूरची, एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत, गोळा करायचे. सकाळी पोराचा डबा झाला की ॲक्टिव्हा काढायची, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, मग गुजरी असा राऊंड असायचा. कुणी पन्नास देतं कुणी दोनशे, मशीनवर पावती काढायची, दोन शब्द बोलायचे की पुढचं दुकान. कमिशनवर चालणारं काम, पैसा फार नाही, पण रोज इतकी माणसं माझी वाट बघायची. जरा उशीर झाला की फोन, "ताई आज येणार न्हाई काय, गल्ला बंद करतोय". रोज कुणाला ना कुणाला माझ्याकडून काहीतरी हवं असायचं, आणि एका रात्रीत हे सगळं थांबलं.

अपघाताचं थोडक्यात सांगते. गळिताचा हंगाम होता, लग्नाहून येताना भावाच्या गाडीवर मागं बसले होते, गगनबावडा रोडला अंधारात उसाची ट्रॉली बंद पडून कडेला उभी होती, मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, साधा पोत्याचा तुकडा सुद्धा बांधलेला नाही. भाऊ बाजूला फेकला गेला म्हणून वाचला, माझा डावा पाय चेंगरला. डॉक्टरांनी वाचवायचा प्रयत्न केला पण खाली रक्तच पोचत नव्हतं, मग इन्फेक्शन वर सरकायला लागलं आणि गुडघ्याच्या वरून काढावा लागला. आमच्या भागात दर हंगामात ह्या ट्रॉल्यांमुळे माणसं मरतात, लाल रेडियमची पट्टी काही रुपयांना मिळते, एवढं तरी हे वाचणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी करावं.

नंतरचे महिने सगळे स्टंपच्या मागे गेले. उरलेल्या मांडीला स्टंप म्हणतात, तोच शब्द आता घरात सगळे वापरतात. क्रेप बँडेज आठाच्या आकारात बांधायचं, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल, म्हणजे सूज उतरून त्याला नीट आकार येतो. मांडीखाली उशी घ्यायची नाही, कारण खुबा वाकलेला राहून आखडला की पुढं कृत्रिम पाय लावून सरळ उभंच राहता येत नाही, उलट रोज थोडा वेळ पालथं झोपायचं. सासूबाई मायेनं उशी सरकवायच्या आणि मी परत काढायचे, असं रोज चालायचं. आणि रात्री दोन वाजता नसलेल्या पायाचा अंगठा मुरगळल्यासारखा दुखायचा, कधी तळव्याला खाज सुटायची, खाजवायला तिथं काही नाही. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. फिजिओ मॅडम म्हणाल्या ह्याला फँटम पेन म्हणतात, पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा तशीच आहे, बऱ्याच जणांना होतं. दोन्ही मांड्यांच्या मधे आरसा उभा धरून उजवा पाय हलवायला लावायच्या, आरशात डावा हलतोय असं दिसतं. मला त्यानं थोडा आराम पडायचा, सगळ्यांना पडतोच असं नाही.

घरच्यांचं सगळं लक्ष कृत्रिम पायावर होतं. ह्यांनी कर्जाची चौकशी सुरू केली, कारण गुडघ्यावरून पाय गेला की गुडघ्याचा जॉइंट पण लागतो आणि चांगल्या जॉइंटची किंमत ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. शेवटी साध्या जॉइंटचा पाय घेतला. प्लॅस्टरनं स्टंपचं माप घेतात, त्यावरून सॉकेट, म्हणजे स्टंप आत बसतो तो भाग, बनवतात, कमरेला पट्टा. पहिल्यांदा घातला तेव्हा एवढं जड वाटलं की हे ओढत मी भाजी आणायला जाणार कशी. शिकले हळूहळू. पण एप्रिल मे मधे सॉकेटच्या आत घाम साचतो, कातडी सोलते, मग जखम बरी होईपर्यंत पाय भिंतीला टेकवून ठेवायचा आणि परत कुबड्या. दिवसभरात स्टंपची जाडी सुद्धा बदलते, सकाळी घट्ट बसलेला पाय संध्याकाळी सैल होतो, मग जादाचे मोजे घालायचे. जे नुकतेच ह्यातून जातायत त्यांना हे सांगून ठेवते कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हाला वाटायचं पाय बसला की झालं सगळं पहिल्यासारखं.

पतसंस्थेनं सांभाळून घेतलं, काउंटरला बसायचं काम दिलं. पण सगळे मला जपायला लागले. खुर्ची द्यायची, पाणी आणून द्यायचं, व्हाउचरची फाइल मी उचलायच्या आत कुणीतरी उचलायचं. घरी पोरगं मस्ती करत माझ्या अंगावर यायचं ते थांबलं, त्याला कुणीतरी सांगितलं असणार, आईला त्रास देऊ नको. ह्यात कुणाचंच चुकलं नाही, सगळ्यांनी मायेनंच केलं, पण मला आतून वाटायचं की आता माझ्याकडून कुणालाच काही नकोय. मी नुसती बरी राहावी एवढंच हवंय. त्या काळात मला लोक मानसी जोशीचे फोटो पाठवायचे, २०११ ला मुंबईत ट्रकच्या अपघातात तिचा पाय गेला आणि २०१९ ला बासेलला ती पॅरा बॅडमिंटनची वर्ल्ड चॅम्पियन झाली. मला तिचा अभिमान वाटायचा आणि लगेच फोन बाजूला ठेवून द्यायचे, कारण ती लहानपणापासून बॅडमिंटन खेळत होती आणि मी आयुष्यात शाळेच्या लंगडीशिवाय काही खेळले नव्हते.

पण पोहता यायचं. मामाचं गाव राधानगरीच्या बाजूला, मे महिन्याच्या सुट्टीत मामानं पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलून दिलं होतं, तसंच सगळी पोरं शिकली. पोरीबाळी दहावीनंतर विहिरीवर जायच्या बंद होतात, तशी मीही झाले. हे मी एकदा व्यायाम करता करता फिजिओ मॅडमना बोलता बोलता सांगितलं, तर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मग पाण्यात जा की. जखम पूर्ण भरलीय, डॉक्टरांना विचारून घे आणि जा. पाण्यात पाय लागत नाही तुला."

त्यांचं ते शेवटचं वाक्य मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. लाखाच्या जॉइंटसाठी आम्ही रात्र रात्र हिशेब मांडत होतो आणि इथं एक जागा अशी होती जिथं त्या पायाची गरजच नव्हती. नंतर कळलं की पॅरा स्विमिंगच्या स्पर्धेत तर कृत्रिम पाय घालून उतरताच येत नाही, सगळे काढून ठेवूनच उतरतात.

पोहायच्या पहिल्या टँकवर घेतलं नाही. जबाबदारी कोण घेणार, फरशी ओली असते, बाकीचे मेंबर काय म्हणतील, डॉक्टरांचं पत्र आणा, आणलं तर म्हणाले कमिटीला विचारतो, मग फोन उचलणं बंद. दुसऱ्या टँकवर एक वयस्कर सर होते, शाळेच्या पोरांना शिकवायचे, त्यांनी पत्र बघितलं, कुबड्या बघितल्या आणि विचारलं, "पव्हायला येतंय का?" म्हणलं विहिरीत यायचं. म्हणाले, "उद्या साडेपाचला ये, गर्दी नसते. उशीर करायचा न्हाई, माझी पोरांची बॅच असते नंतर."

उशीर करायचा नाही. अपघातानंतर मला पहिल्यांदाच कुणीतरी वेळ सांगितली होती.

त्या सकाळी अंधारात हे मला गाडीवर घेऊन गेले, कुबड्या मधे आडव्या धरून. फिजिओनी आधीच सांगितलं होतं तसं कुबड्यांचे रबर नवीन घातले होते, ओल्या फरशीवर गुळगुळीत रबर म्हणजे हात मोडायची गॅरंटी. काठापर्यंत गेले, खाली बसले, बसूनच सरकत कडेला, आणि आत. थंडीचे दिवस होते, श्वास अडकला. मग काठ सोडला आणि मी उजवीकडे कलंडले.

मला वाटलं होतं विहिरीत यायचं तसंच येईल. शरीराला आठवतं खरं, पण ते दोन पायांचं शरीर होतं. आता उजव्या बाजूला अख्ख्या पायाचं वजन आणि डावीकडे अर्धी मांडी, त्यामुळे उताणं तरंगायला गेलं की उजवी बाजू खाली आणि डावी वर. पालथं होऊन किक मारली तर वेगळाच प्रकार, एकट्या उजव्या पायाचा जोर बसला की तोंड डावीकडे वळायचं आणि मी सरळ जायच्या ऐवजी तिरकी जाऊन लेनच्या दोरीला धडकायचे. सरांनी एक पाय नसलेलं माणूस कधी शिकवलं नव्हतं, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि मग ते काठावर बसून नुसतं बघत राहिले. पुढचे बरेच दिवस ते असंच बघायचे आणि एकेक गोष्ट करून बघायला सांगायचे.

ह्या भागावर मी जरा लांब लिहिणार आहे, कारण खरं बदललं ते इथं. सर म्हणाले पाय बाहेरच्या बाजूला मारू नको, मधे आण, अंगाच्या मधल्या रेषेखाली. मग म्हणाले डावा हात पाणी ओढतोय तेव्हाच किक बसली पाहिजे, कारण उजव्या पायामुळे तू डावीकडे वळतेस आणि डाव्या हातामुळे उजवीकडे, दोन्ही एकदम आले तर एकमेकाला मारतील आणि तू सरळ जाशील. हे ऐकायला सोपं, करायला आठवडे गेले. आणि स्टंप गप्प ठेवायचा नाही, तो पण हलव, मांडी आहे ना तेवढी. आतापर्यंत सगळ्यांनी मला स्टंप सांभाळायला शिकवलं होतं, हे पहिले की ज्यांनी त्याला काम दिलं. पुल बॉय म्हणजे मांड्यांत धरायचा फोमचा तुकडा, त्यानं पाय तरंगतात आणि हाताची प्रॅक्टिस होते, तो माझ्याकडे टिकेना, स्टंपवरून निसटून पलीकडच्या लेनला जायचा. मग जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्यानं बांधला. भिंतीवरून टर्न घेताना एका पायानं ढकललं की शरीर फिरायचं, तर पाय भिंतीवर उजवीकडे न टेकता नाकाच्या रेषेत टेकवायचा. असं प्रत्येक गोष्टीला काहीतरी शोधावं लागलं आणि त्या शोधण्यात माझं डोकं इतकं गुंतलं की काउंटरला बसून व्हाउचर भरताना सुद्धा मी टेबलाखाली मांडी हलवून टायमिंग बघायचे.

कॉस्च्युमचं पण सांगते, बायकांना विचारायचं असतं पण विचारत नाहीत. मी गुडघ्यापर्यंतचा फुल कॉस्च्युम घेतला, लाज वाटत होती, स्टंप कुणाला दिसू नये. पण डावा रिकामा पाय पाण्यात फुगायचा, मागं ओढायचा. आमच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या काकींनी तो स्टंपच्या मापाला कापून टोकाला शिवून दिला. लाजेचं म्हणाल तर पहिले दिवस टॉवेल गुंडाळून काठापर्यंत जायचे, नंतर शाळेच्या बॅचमधली पोरं एवढी रोजची झाली की त्यांना माझ्या पायापेक्षा माझा टाइम किती आला ह्यातच इंटरेस्ट असायचा. आणि एक महत्त्वाचं, पोहून झाल्यावर कातडी भिजून मऊ झालेली असते, लगेच सॉकेट घातला की सोलते, त्यामुळे मी टँकवर कुबड्यांवरच जाते आणि पाय घरी गेल्यावर, स्टंप पूर्ण कोरडा झाल्यावर घालते.

बॅकस्ट्रोक माझा स्ट्रोक आहे हे सरांना माझ्या आधी कळलं. उताणं पोहताना श्वासाची भानगड नाही, आणि विहिरीत तासन्‌तास उताणं पडून राहायची सवय अंगात होती. एके दिवशी त्यांनी स्टॉपवॉच काढलं. आधी मला राग आला, म्हणलं मला कुठं स्पर्धेला जायचंय. ते म्हणाले, "टाइम लिहून ठेवायचा, बाकी काय न्हाई." घरी येऊन कॅलेंडरवर लिहिला. दुसऱ्या आठवड्यात त्यापेक्षा कमी आला. तो कमी झालेला दीड सेकंद मी दिवसभर डोक्यात घेऊन फिरले, पतसंस्थेत सगळ्यांना सांगितला, एका ग्राहकाला सुद्धा. पाय गेल्यापासून माझ्या आयुष्यातला प्रत्येक आकडा खर्चाचा नाहीतर अपंगत्वाच्या टक्क्यांचा होता, हा पहिलाच असा की जो मी हलवू शकत होते.

सरांनीच मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली. इथून जवळ, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, सैन्यात बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. त्यानंतर पोहायला लागले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधे ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदात मारून गोल्ड आणलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. सरांनी हे सांगितलं आणि लगेच म्हणाले आता पाय न वापरता ५० मीटर मार, बघू किती येतोय. पायाला पुल बॉय बांधून मी मारले. तो टाइम लिहीत नाही, पण काठाला आले तेव्हा खांद्यात आग पेटलेली आणि मला पहिल्यांदा कळलं ३७ सेकंद म्हणजे काय असतं. पुस्तकात नुसतं वाचलं असतं तर हे कळलं नसतं. आणि कोल्हापूरचाच स्वप्नील पाटील, पॅरा स्विमिंगमधे अर्जुन पुरस्कार मिळालेला, तो ह्याच गावच्या पाण्यात वाढला हे पण मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ऑलिम्पिकला गेलेला आमचा वीरधवल खाडे माहीत होता, सगळ्यांनाच माहीत असतो.

शेवटी स्पर्धेला गेलेच, पॅरा स्विमिंगची राज्य स्पर्धा पुण्याला होती. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, दाखवलं की एसटीला ७५ टक्के सवलत, त्यामुळे मी आणि माझी बहीण निवांत गेलो. स्पर्धेच्या आधी क्लासिफिकेशन असतं, म्हणजे कुणाला कुठल्या गटात टाकायचं ते ठरवतात, नाहीतर एक पाय नसलेली आणि कमरेखाली हालचाल नसलेली एकाच शर्यतीत येतील. आधी टेबलावर झोपवून प्रत्येक सांधा, स्नायूंची ताकद, स्टंपची लांबी, मग पाण्यात उतरवून पोहायला लावतात, आणि शर्यत चालू असताना पण लक्ष ठेवतात. शारीरिक अपंगत्वाचे गट १ ते १०, आकडा जितका लहान तितकी अडचण जास्त, ११ ते १३ दृष्टीचे, १४ बौद्धिक. मला एस ९, म्हणजे नववा गट मिळाला. ब्रेस्टस्ट्रोकचा गट वेगळा लावतात कारण त्यात पायाचं काम जास्त असतं. तपासणाऱ्या मॅडमनी माझा उजवा पाय दाबून विचारलं, "किती ताकद लावता येते दाखवा", आणि मी सगळी लावली. हॉस्पिटलपासून किती जणांनी माझं अंग तपासलं होतं, काय उरलंय ते बघायला. इथं काय करता येतं ते बघत होते.

१०० मीटर बॅकस्ट्रोकमधे मला ब्राँझ मिळालं. आमच्या गटात मुली मोजक्याच होत्या, हे पण लिहिलं पाहिजे, कारण महाराष्ट्रात इतक्या बायकांचे पाय अपघातात आणि शुगरनं जातात आणि टँकपर्यंत पोचतात बोटावर मोजण्याएवढ्या.

मग २०२४ च्या ऑक्टोबरात गोव्याला नॅशनल. तिथं मी फायनलमधे मागं राहिले, मेडलच्या जवळपास सुद्धा नव्हते, पण माझा स्वतःचा टाइम पुण्यापेक्षा चांगला आला आणि ते माझ्यासाठी पुरेसं होतं. आणि तिथं मी जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे. दोन्ही हात नसलेला पोहणारा बॅकस्ट्रोकला स्टार्ट कसा घेणार, हँडल धरायला हातच नाहीत, तर कोच काठावरून टॉवेल सोडतो, तो दातात धरून पाय भिंतीला लावून तो थांबतो आणि स्टार्टचा आवाज झाला की टॉवेल सोडून निघतो. संपवताना डोकं भिंतीला टेकवतात. दृष्टी नसलेल्यांसाठी भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या टोकाला लावलेल्या मऊ गोळ्यानं डोक्याला टपली मारतो, म्हणजे आता वळा. करमाळ्याच्या सुयश जाधवबद्दल वाचलं होतं, लहानपणी विजेच्या शॉकनं दोन्ही हात कोपरापासून गेले आणि २०१८ ला जकार्ताच्या एशियन पॅरा गेम्समधे त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं गोल्ड घेतलं. वाचताना हात नसताना बटरफ्लाय कसा मारतात ते कळत नव्हतं, गोव्याला तसा पोहणारा समोर बघितल्यावर कळलं, सगळं छातीतून आणि कमरेतून येतं. वॉर्मअपला एका लेनमधे आम्ही आठ दहा जण, कुणाला काय नाही हे बघायला सवडच नव्हती, मागचा पायाला लागतो म्हणून पुढं जायचं.

परत आल्यावर सत्कार झाले. शाल, नारळ, साडी, भाषणात माझ्या जिद्दीचं कौतुक. लोकांनी मनापासून केलं, मी मनापासून घेतलं. पण दोन तीन सत्कारांनंतर मी माइकवर बोलायला लागले की मला साडी नको, टँकच्या पायऱ्यांना एका बाजूला रेलिंग नाही ते लावा आणि चेंजिंग रूमपर्यंत न घसरणारी मॅट टाका. एका तालीम मंडळानं खरंच मॅट दिली. रेलिंग अजून नाही, पाठपुरावा चालूय. मला वाटतं आमच्यासारख्यांना जिद्द शिकवायची गरज फार कमी असते, सकाळी बाथरूमला जायला पण ती लागते. कमी पडतं ते रेलिंग, आणि साडेपाचला ये म्हणणारं माणूस.

आता काय बदललं ते पण खरं खरं लिहिते. फँटम पेन गेलं नाही, कमी झालं, पोहलेल्या दिवशी रात्री बहुतेक लागत नाही. कुबड्यांनी खांदे आणि कंबर दुखायची ती बरीच थांबली कारण खांदेच तयार झाले. नोकरीत बढती नाही, पैसे मिळाले नाहीत, उलट खर्च होतो. पण पोरगं परत अंगावर उडी मारतं. आणि माझ्या दिवसाला आता बूड आहे, पहाटे टँक, मग काउंटर, आणि रविवारी बायका.

रविवारचं असं झालं की फिजिओ मॅडमनी एकीला माझ्याकडे पाठवलं, मग तिनं दुसरीला आणलं. एकजण गडहिंग्लजची, थ्रेशरमधे हात गेलेली, एकजण कॉलेजची पोरगी, गुडघ्याखालून पाय नाही. एक मावशी आहेत शुगरमुळे पाय गेलेला, त्यांना मी पाण्यात उतरू दिलं नाही, दुसऱ्या पायाच्या टाचेला छोटी जखम होती, शुगरवाल्यांनी उघडी जखम घेऊन टँकमधे जायचंच नाही, डॉक्टर हो म्हणाले की मग. त्या तरी दर रविवारी येतात, काठावर बसून सगळ्यांचे टाइम वहीत लिहितात आणि कुणाचा वाढला की रागावतात. काहीजणी एकदा येऊन परत येत नाहीत. मी एकदा फोन करते, दुसऱ्यांदा करत नाही, कारण पाणी सगळ्यांसाठी नसतं, एकजण व्हीलचेअर बास्केटबॉलकडे गेली आणि तिथं खूश आहे. माझं म्हणणं एवढंच असतं की महागडा पाय बसेपर्यंत थांबू नका. पाय येईल तेव्हा येईल, घरच्यांना कर्जात घालून तो लवकर आणायची गरज नाही, तोपर्यंत शरीराला काहीतरी काम द्या.

रविवारी मला उशीर झाला की फोन येतात. कॉलेजची पोरगी तर सव्वापाचपासूनच सुरू करते, "ताई निघालात का?"

आता डिसेंबरात मालवणला जायचंय, चिवला बीचवर समुद्रात पोहायची राज्यस्तरीय स्पर्धा असते, त्यात दिव्यांगांचा वेगळा गट असतो. आम्ही तिघीजणी नाव देणार आहोत. समुद्रात भिंत नाही त्यामुळे टर्नचा प्रश्न मिटला, पण टँकसारखी तळाला रेघ पण नाही, आणि मी बॅकस्ट्रोकवाली, उताणं पोहताना दिशा कशी कळणार, म्हणून सध्या फ्रीस्टाइल वाढवतोय आणि दर काही हातांनी मान वर काढून समोर बघायची सवय करतोय. खारट पाण्यात तरंगायला सोपं जातं म्हणतात. खरी अडचण वाळूची आहे, कुबड्या रुततात, आणि किनाऱ्यापासून कमरेएवढ्या पाण्यापर्यंत लाटांत एका पायावर उभं राहायचं कसं हे ठरलेलं नाही. सर म्हणतात बसून सरकत जा. कॉलेजच्या पोरीचं म्हणणं कुबड्यांच्या टोकाला रुंद लाकडी चकत्या बसवू, तिच्या वडिलांचं सुतारकाम आहे, ते करून देतायत. पुढच्या आठवड्यात रंकाळ्याच्या बाजूला कुठं वाळूचा ढीग मिळतो का बघून त्यावर चालून बघणार आहोत.